गाडी चालू असतानाच गॅरेज शोधा: सोलापुरात भरवशाचा फिटर कसा गाठावा

मे महिन्यात तुळजापूरहून परत येताना माझ्या गाडीच्या टेंपरेचरचा काटा वर गेला. दुपारचे दोन, डोक्यावर सोलापूरचं ऊन, मागच्या सीटवर आई आणि आत्या, हातात प्रसादाची पिशवी. समोर दिसलं त्या गॅरेजमध्ये गाडी ढकलली. तिथल्या फिटरनं बॉनेट उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागतंय." हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालची सील. मी हो म्हणालो. चार दिवस आणि १९ हजार रुपये गेले. पंधरा दिवसांनी सात रस्त्याच्या सिग्नलला काटा परत तिथंच.

मग एका शेजाऱ्यांनी त्यांच्या फिटरकडे पाठवलं. त्याला सगळे उस्ताद म्हणतात. त्यानं पान्याला हात लावला नाही. इंजिन चालू ठेवलं, एसी लावायला सांगितला आणि रेडिएटरसमोर उकिडवा बसून राहिला. दहा-बारा मिनिटं नुसता बसला. मग म्हणाला, "फॅनच फिरेना की ओ सर." फॅनची मोटर गेली होती. वेगात असताना वाऱ्यानं रेडिएटर गार व्हायचा. घाटात किंवा सिग्नलला गाडी मंदावली की तापायचा.

पहिला फिटर लबाड होता असं मला आजही वाटत नाही. त्यानं तपासलं नाही, एवढंच. लबाडीपेक्षा अंदाजापायी माणसांचे पैसे जास्त जातात, म्हणून मी फिटरमध्ये गोड बोलणं शोधत नाही, खोलण्याआधी तपासण्याचा धीर शोधतो. तो धीर कुणाकडे आहे हे बंद पडलेल्या गाडीत घाम पुसत असताना कळत नाही. गाडी धडधाकट असतानाच हे काम उरकायचं असतं. ते मी कसं केलं, ते पुढे सांगतो.

आधी ठरवा, तुमच्या गाडीला कोणतं गॅरेज लागतं

गाडी वॉरंटीत असेल तर प्रश्न सोपा आहे, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. "बाहेर हात लावला की वॉरंटी संपली" असं सरसकट सांगितलं जातं. पण २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांविरुद्धच्या निकालात, स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याच्या अटीला हरकत घेतली होती. तरीही वॉरंटीच्या काळात मी स्वतः बाहेर जात नाही. कायदा आपल्या बाजूनं असला तरी काउंटरवर वाद घालायला आपणच उभे असतो.

वॉरंटी संपली की शहर खुलं होतं. होटगी रोड, विजापूर रोड, अक्कलकोट रोड, हैदराबाद रोड, कुठल्याही अंगानं बाहेर पडा, गॅरेजं लागतात. पण "गॅरेज" या एका शब्दात चार-पाच वेगळे धंदे आहेत. इंजिन, क्लच, ब्रेक, सस्पेन्शन हे फिटरचं काम. सेल्फ, अल्टरनेटर, वायरिंग हे वायरमनचं. एसीवाला वेगळा, डेंटर-पेंटर वेगळे, अलाइनमेंट-बॅलन्सिंगवाला वेगळा. सगळं एका छताखाली करून देतो म्हणणाऱ्याकडे निम्मी कामं बाहेरच जातात. त्यात गैर काही नाही, फक्त कोणतं काम कुणाकडे जातं हे विचारून ठेवा. माझ्या मते एक चांगला फिटर पकडला की बाकीचे चार तोच देतो, कारण वाईट वायरमनकडे पाठवलं तर शिव्या त्यालाच बसतात.

एक अपवाद. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आणि बरेच सेन्सर असतात. गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारा स्कॅनर नसलेल्या गॅरेजमध्ये ती गाडी नेऊ नका, मग फिटरचा हात कितीही चांगला असो.

नावं कुणाला विचारायची

"चांगला फिटर कोण आहे?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. प्रत्येकाचा फिटर चांगलाच असतो, आपण फसलो हे कोण कबूल करणार? त्याऐवजी असं विचारा: गाडीनं शेवटचा त्रास कधी दिला? तो काय म्हणाला? किती झाले? त्याच कामासाठी परत जावं लागलं का? आणि कधी "हे करू नका, गरज नाही" असं म्हणाला का? शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर असेल त्याच्या फिटरचा नंबर घ्या.

सोलापुरात याबाबतीत एक सोय आहे. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर असं देवदर्शन करणारी माणसं इथं उतरतात आणि इथल्या गाड्या भाड्यानं घेतात. त्या गाड्यांचं वर्षाचं रनिंग आपल्या चार-पाच वर्षांएवढं असतं. स्टेशनवरच्या चालकांशी चहावर दहा मिनिटं बोला, कोणत्या मॉडेलला काय लागतं आणि कोण नीट करतं हे ते पाठ म्हणून दाखवतात. फक्त एक ध्यानात ठेवा. धंद्याच्या गाडीला मालक स्वस्त पार्ट घालून पुढे ढकलतो, म्हणून त्यांच्याकडून फिटरचं नाव घ्या, पार्टचा सल्ला घेऊ नका.

दुसरा माणूस म्हणजे स्पेअर पार्टच्या दुकानातला काउंटरवरचा. कोण कंपनीचा पार्ट मागतो, कोण "सर्वात स्वस्त दे" म्हणतो आणि कोण चुकीचा अंदाज करून तीन वेळा पार्ट परत आणतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. सरळ विचारलं तर तो सांगणार नाही, त्याचे गिऱ्हाईक आहेत ते. "माझी अमुक गाडी आहे, क्लचचं काम आहे, तुम्ही तुमची गाडी कुणाकडे टाकाल?" असं विचारा.

ऑनलाइन तारे बघायचेच असतील तर पाच आणि एक सोडून द्या. दोन-तीन तारेवाल्यांनी जे लिहिलेलं असतं त्यात खरा मजकूर सापडतो.

नुसतं बघायला जा

दोन-तीन नावं हाती आली की सकाळी अकराच्या सुमाराला, कामाची वेळ असताना, त्या गॅरेजमध्ये जा. निमित्त काहीही चालतं, "वायपर बदलायचाय" म्हणा.

फरशी काळी आहे म्हणून नाक मुरडू नका, गॅरेजची फरशी काळीच असते. उघडलेल्या गाडीचे नट-बोल्ट कुठं आहेत ते बघा. डब्यात किंवा ट्रेमध्ये वेगळे ठेवलेत, की जमिनीवर पसरलेत? सीटवर कव्हर घातलंय का? गाडीखाली पोरगा झोपलाय आणि गाडी नुसत्या जॅकवर उभी आहे का? खाली स्टँड न लावता पोराला गाडीखाली घालणाऱ्या माणसाकडे मी परत जात नाही. जो हाताखालच्या मुलाच्या जिवाची काळजी करत नाही, तो तुमच्या ब्रेकची काय करणार?

कोपऱ्यात धूळ खात उभ्या असलेल्या गाड्या मोजा. महिनोन्महिने उभ्या गाड्या म्हणजे खोलून ठेवलेली आणि न जमलेली कामं. एखादी असेल, विम्यात अडकलेली. सात-आठ असल्या तर नमस्कार करून निघा.

तुमच्या कंपनीच्या गाड्या तिथं आहेत का हेही बघा. रोज तीन वॅगन-आर खोलणारा माणूस आवाजावरून बेअरिंग सांगतो. तोच माणूस आयुष्यात दुसऱ्यांदा स्कोडा बघत असेल तर तुमच्या गाडीवर शिकणार.

लहान काम द्या

सगळ्या प्रक्रियेतला हा खरा भाग आहे. ऑइल बदलणं आणि ब्रेक तपासणं, एवढंच काम घेऊन जा. हजार-दोन हजारांत माणूस कळतो, क्लचच्या कामाला कळला तर महाग पडतं.

जाण्याआधी गाडीचं मॅन्युअल काढून ऑइलचा ग्रेड, किती लिटर लागतं आणि किती किलोमीटरला बदलायचं हे बघून घ्या. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. जुन्या ऑइल फिल्टरवर मार्करनं एक बारीक खूण करा, कामानंतर ती खूण दिसली तर फिल्टर बदललेला नाही. माणसावर संशय घ्यायला मलाही आवडत नाही, पण पहिल्या भेटीत ही खूण मी करतोच.

आता त्याचं काम बघा. इंजिन गरम असताना ऑइल काढतो का? गरम ऑइल पातळ होऊन पूर्ण निथळतं. ड्रेन बोल्टचा वॉशर बदलतो किंवा निदान बघतो का? भरल्यावर इंजिन चालू करून, बंद करून, थोडं थांबून डिपस्टिक परत बघतो का?

मग ब्रेक. "पॅड गेलेत" असं चाक न काढता कुणी सांगितलं तर ते ज्योतिष आहे. चाक काढायला सांगा आणि पॅड स्वतः बघा. नव्या पॅडवर साधारण १० मिलिमीटर थर असतो, तो ३ मिलिमीटरपर्यंत आला की बदलायचा. सहा असेल आणि तो बदला म्हणत असेल, तर विचारा का. कधी उत्तर बरोबरही असतं: एका बाजूचा पॅड जास्त झिजलाय म्हणजे पॅड दाबणारा कॅलिपर अडकतोय, असं तो दाखवून देईल. दाखवून दिलं तर तो तुमचा माणूस आहे.

याच वेळी काय-काय गळ्यात मारलं जातं ते ऐका. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी सॅनिटायझेशन, अंडरबॉडी कोटिंग. यातलं प्रत्येक काम कधी ना कधी लागू शकतं, पण तक्रार नसताना दर सर्व्हिसला लागत नाही. अंडरबॉडी कोटिंगचं तर मला हसू येतं. समुद्र कुठं, आपण कुठं! कोकणातल्या गाडीला गंज खातो, आपल्याला धूळ. आपल्या गाडीला एअर फिल्टर वेळेवर साफ करून मिळाला तरी पुष्कळ आहे.

उस्तादकडे पहिल्या भेटीत मी हौसेनं म्हणालो होतो, चारही शॉकअप बदलून टाका. त्यानं बॉनेटवर हात ठेवून गाडी दाबली, सोडली, टायरवरून हात फिरवला आणि म्हणाला, "कशाला बदललालाव? वर्षभर चालतंय की." त्याचं त्या दिवशीचं मोठं बिल गेलं, पण पुढची सात वर्षं मी दुसरीकडे गेलो नाही.

रोग सांगू नका, लक्षण सांगा

"क्लच प्लेट गेलीय" असं तुम्ही म्हणालात की फिटर क्लच प्लेट बदलतो. तुम्ही सांगितलं, त्यानं केलं, आणि चूक तुमची. त्याऐवजी केव्हा, कुठं आणि किती ते सांगा. "चौथ्या गिअरमध्ये उड्डाणपुलावर चढताना इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी पळत नाही." "सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर पाच मिनिटं किटकिट, मग बंद." "स्पीडब्रेकरवर डाव्या बाजूनं धप्प." जमलं तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. आणखी चांगलं म्हणजे त्याला शेजारी बसवून एक फेरी मारा. कंबर तलावापर्यंत जाऊन आलात तरी पुरे. फेरीला यायला कंटाळा करणाऱ्या फिटरचं निदान अंदाजपंचे असतं.

निदान सांगितलं की एकच प्रश्न विचारा: "कशावरून?" हेड गॅस्केट गेलं म्हणणाऱ्यानं दाखवायला हवं की कूलंटमध्ये (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात) बुडबुडे येतायत, ऑइल दुधाळ झालंय किंवा इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय. मी हा प्रश्न तेव्हा विचारला असता तर १९ हजार वाचले असते. गाडी तापली की तपासण्याचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असतो: कूलंटची पातळी, होजपाइप, रेडिएटरचं झाकण, फॅनचा फ्यूज आणि रिले, फॅन मोटर, थर्मोस्टॅट, तुंबलेला रेडिएटर, वॉटर पंप, आणि हेड सगळ्यात शेवटी. एक सूचना, तापलेल्या इंजिनच्या रेडिएटरचं झाकण स्वतः उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.

स्कॅनरबद्दलही एक गैरसमज आहे. मशीन लावलं, कोड आला, पार्ट बदलला, असं ते नसतं. पी०१७१ हा कोड सांगतो की इंजिनात पेट्रोलच्या मानानं हवा जास्त जातेय. कारण फाटलेली व्हॅक्यूमची नळी असेल, मळलेला एअरफ्लो सेन्सर असेल, कमजोर पेट्रोल पंपही असेल. कोड बघून थेट ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणणारा माणूस मशीन वाचतो, गाडी वाचत नाही.

पैशाचं आधी बोला

एस्टिमेट व्हॉट्सअपवर लिहून घ्या. पार्ट वेगळे, मजुरी वेगळी. आणि एक वाक्य तुम्ही स्वतः टाका: "याच्या वर जायचं असेल तर काम थांबवून फोन करा." काम उघडल्यावर खर्च वाढू शकतो, क्लच काढल्यावरच फ्लायव्हीलवरचे चरे दिसतात. वाढीव कामाचा फोटो मागा, चांगला फिटर न मागता पाठवतो.

पार्ट तीन प्रकारचे. गाडीच्या कंपनीच्या पाकिटातला, बॉश किंवा व्हॅलिओसारख्या नावाजलेल्या उत्पादकाचा, आणि लोकल. मधला बऱ्याच वेळा पहिल्याच्या तोडीचा असतो आणि स्वस्तही. तिसरा ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनमध्ये कधीही नको. दाराचं हँडल, नंबरप्लेटची फ्रेम यांत खुशाल घाला. पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि त्यावरची एमआरपी बिलाशी ताडून बघा.

पार्टच्या दुकानातून फिटरला काही टक्के सुटतात. हे गुपित नाही आणि मला त्यात पापही वाटत नाही. धावपळ तो करतो, चुकीचा पार्ट बदलून तोच आणतो. काही जण ते वाचवायला स्वतः पार्ट आणून देतात. मग महिन्यानं तो पार्ट गेला की फिटर म्हणतो पार्ट खराब, दुकानदार म्हणतो फिटिंग खराब, आणि आपण दोघांच्या मध्ये रिक्षानं फिरतो. पार्ट त्यालाच आणू द्या, एमआरपीच्या वर जाऊ देऊ नका आणि मजुरी पुन्हा लागणार नाही हे कबूल करून घ्या.

पाच-सात हजारांच्या वरच्या कामाला पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या पार्टवर जीएसटी १८ टक्के आहे, मजुरीवरही तेवढाच. बिलावरचा जीएसटी नंबर १५ अंकी-अक्षरी असतो आणि महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, सरकारी पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव येतं. लहान गॅरेजवाला जीएसटीत नोंदलेला नसेल तर तो कर लावू शकत नाही. त्यानं साध्या बिलावर किलोमीटर रीडिंग, पार्ट आणि तारीख लिहून सही केली तरी चालतं. काहीच न लिहिणारा मात्र नको.

आपल्या उन्हाची कामं

पारा ४२-४३ ला जाणाऱ्या गावात तीन गोष्टींवरून फिटरची पारख आपोआप होते.

पहिली म्हणजे रेडिएटर. नळाला पाणी रोज नसतं, म्हणून गॅरेजवाला बोअरचं पाणी ओततो. त्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत पांढरे होऊन बसतात, जसे गिझरच्या कॉइलवर बसतात. तयार कूलंट घालायचा किंवा घट्ट कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळायचा. बोअरचा पाइप हातात घेतलेला फिटर दिसला की तिथंच थांबवा.

दुसरी एसी. "दरवर्षी गॅस भरावा लागतो" हे खोटं आहे. गॅस बंद नळ्यांतून फिरतो, खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळती आहे. आधी गळती शोध, मग व्हॅक्यूम कर, मग वजन करून भर, हा क्रम. किती ग्रॅम भरायचा हे बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. अंदाजानं भरणाऱ्याकडे कॉम्प्रेसरवर ताण येतो.

तिसरी बॅटरी. ती उन्हानं मरते आणि हिवाळ्याच्या पहिल्या गार सकाळी कळतं. बदलण्याआधी मीटर लावायला सांगा. गाडी काही तास बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. चालू असताना आकडा चढतच नसेल तर दुखणं अल्टरनेटरचं असू शकतं. नवी बॅटरी घालूनही चार दिवसांत परत तेच.

गाडी ताब्यात घेताना

अंधारात घेऊ नका. जुने पार्ट मागा, घरी न्यायचे नसले तरी बघायला मागा. ते आधीच बाजूला काढून ठेवलेले असतील तर उत्तम. बदललेल्या पार्टशेजारी जुना धरून बघा, झीज कशी असते हे दोन-तीन वेळांत कळायला लागतं. चाकं काढली असतील तर नट आवळलेत का विचारा आणि ५०-१०० किलोमीटरनंतर परत बघून घ्या. फेरी मारा, ज्या रस्त्यावर आवाज यायचा त्याच रस्त्यावर. मग पैसे.

बिनसलंच तर

आधी त्याच्याकडेच जा, सकाळी, गर्दी नसताना, बिल आणि व्हॉट्सअप दाखवा. दहापैकी आठ वेळा तिथंच मिटतं, कारण सोलापूर लहान आहे आणि नाव सगळ्यांना सांभाळायचं असतं. नाही मिटलं तर दुसरीकडे खोलण्याआधी फोटो आणि दुसऱ्या फिटरचं लेखी मत घ्या, खोलल्यावर पुरावा जातो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. अपघाताचं काम असेल तर गोष्ट वेगळी: विमा कंपनीला कळवल्याशिवाय आणि सर्व्हेअरनं बघितल्याशिवाय डेंटरला पत्रा सरळ करू देऊ नका.

केव्हा जावं

मोठं काम गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत काढू नका, निम्मी पोरं जत्रेत असतात आणि उरलेल्यांचं लक्ष तिकडे. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या गाड्यांची आणि एसीची रांग लागते, कुणालाच रेडिएटरसमोर दहा मिनिटं बसायला वेळ नसतो. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सोमवार टाळून, सकाळी जा. मजुरीत घासाघीस करू नका, पार्टमध्ये करा. चहा तो मागवेल, नाही म्हणू नका, तेवढ्या वेळात गाडी थोडी गार होते.